यंदा मेडलवाली सायक्लोथॉन की दर रविवारची साधी फेरी? खान्देशातल्या सायकलवाल्यांनो, मत सांगा

मेहरूणकर (जळगाव)

थंडीची चाहूल लागली की जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार, सगळीकडच्या सायकल ग्रुपांत एकच चर्चा सुरू होते. सायक्लोथॉन, म्हणजे शेकड्यानं लोकांनी एकत्र काढायची मेडल-टी-शर्टवाली सायकल फेरी, कधी, टी-शर्ट कोणत्या रंगाचा, प्रायोजक कोण. आमच्या ग्रुपातही ती सुरू झाली आहे. माझं मत असं, की यंदा हा सोहळा घेऊ नये. तोच पैसा आणि तीच माणसं दर रविवारच्या छोट्या फेरीला आणि सायकल दुरुस्तीच्या शिबिरांना लावावीत.

मी नोंदणीच्या टेबलावर बसतो, म्हणून मला लोकांच्या सायकली जवळून दिसतात. टायरमध्ये अर्धीच हवा, चैन सुकून लाल झालेली, आणि सीट इतकी खाली की पायडल मारताना गुडघा पोटाला लागतो. अशा सायकलवर पंचवीस किलोमीटर काढले की माणसाचे गुडघे आठवडाभर दुखतात. तो मेडल भिंतीला लावतो आणि सायकल जिन्याखाली ठेवून देतो. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली, पायडल अगदी खाली गेलं, की पाय जवळपास सरळ झाला पाहिजे. एका पान्याचं काम आहे. पण सायक्लोथॉनच्या सकाळी हे सांगायला कुणाला वेळ नसतो, कारण पाहुणे झेंडा घेऊन उभे असतात.

दुसरं म्हणजे रस्ता. आपल्या जळगावात महामार्ग शहराच्या मधून जातो. समांतर रस्त्यांसाठी लोकांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली, ती अपघातांत माणसं दगावल्यामुळेच. कार्यक्रमाच्या दिवशी पोलीस चौक मोकळे करून देतात. सोमवारी शाळेला निघालेल्या पोराला तोच चौक एकट्याने ओलांडायचा असतो. ते पोरगं दर रविवारी मोठ्यांबरोबर आसोद्याला किंवा कानळद्याला जाऊन आलं, तर रस्ता ओलांडायचा कसा, हात कधी दाखवायचा, ट्रकच्या डाव्या बाजूला का घुसायचं नाही, हे आपोआप शिकेल. आसोदा हे बहिणाबाईंचं माहेर, शहराला लागूनच. आठच्या आत घरी परत. थंडीत कुणाच्या मळ्यावर भरीत ठेवलं तर कुटुंबंही येतील.

लळिंगचा चढ (धुळे)

मेहरूणकर भाऊ, अजिबात पटलं नाही. ध्येय नसलं तर थंडीत पहाटे पाचला पांघरूण कोण बाजूला करतं? मला सायकलवर बसवलं ते एका बातमीनं. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांची टीम म्हणून 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आरपार जाणारी सायकल शर्यत पूर्ण केली. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातले दोन डॉक्टर, दवाखाना सांभाळून सराव करणारे. ते वाचून माझ्यासारख्या कितीतरी जणांनी सायकल झटकली.

आणि मोठ्या पल्ल्याची राइड म्हणजे नुसती हौस नाही. ब्रेव्हे घ्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. ही शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. पण हेल्मेट नसेल तर सुरुवात करू देत नाहीत. पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा, अंधारात चमकणारं जॅकेट, सगळं तपासतात. पंक्चर झालं तर स्वतः काढायचं. जी शिस्त तुम्ही रविवारच्या फेरीत शिकवू म्हणता, ती इथे नियमच आहे. चार वर्षांतून एकदा होणारी फ्रान्समधली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही मोठी राइड आता २०२७ ला आहे, १२०० किलोमीटर, नव्वद तास. खान्देशातलं कुणी तिथे उभं राहावं असं मला मनापासून वाटतं. आसोद्याला जाऊन भरीत खाण्यानं ते होणार नाही.

अनेर काठ (चोपडा तालुका)

दोघं भाऊंना रामराम. आमना गावमा सायकल आजबी चालस. हौस म्हणीसन नही, गरज म्हणीसन.

मी शाळेत शिकवतो, म्हणून आता सरळ मुद्द्यावर येतो. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या. चांगली योजना आहे, त्यामुळे मुलींची शाळा टिकली. पण शेतरस्त्यावर बाभळीचा काटा घुसतो आणि सायकल थांबते. गावातलं सायकलचं दुकान बंद पडलं, त्या जागी आता मोबाइलचं रिचार्ज मिळतं. पंक्चर काढायला तालुक्याला जावं लागतं, आणि ते बापाला सवड मिळेल तेव्हा. तोवर मुलगी पायी येते, नाहीतर घरीच राहते.

मी वर्गातच एकदा ट्यूब सोडवून दाखवली. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबत फिरवायची, बुडबुडा आला तिथे खूण करायची, पुसून कोरडी करायची, पॉलिश पेपरनं घासायची, सोल्युशन लावून थोडं सुकू द्यायचं आणि मगच ठिगळ चिकटवायचं. पोरी घाई करतात ती सोल्युशन सुकण्याआधी, आणि तिथेच ठिगळ सुटतं. टायर परत चढवण्याआधी आतून बोट फिरवून काटा निघालाय का बघायचं, नाहीतर दहा पावलांवर पुन्हा पंक्चर. नववीतली एक मुलगी आता सगळ्या गल्लीच्या सायकली बघते.

म्हणून माझं मत शिबिराच्या बाजूनं. पण ते शहरातल्या बागेत घेऊ नका, गावाकडे या.

खजिनदार (जळगाव)

भावना सगळ्यांच्याच चांगल्या आहेत. पण पैसा कुठून येतो तेही बघा. मी दुकानादुकानातून फिरून प्रायोजक आणतो. टी-शर्टच्या पाठीवर नाव छापतो म्हटलं की लोक देतात. छर्रे बदलायला आणि ट्यूबा वाटायला पैसे द्या म्हटलं की "बघू दिवाळीनंतर" हे उत्तर ठरलेलं. आमच्याकडे पंपाचा स्टँड आणि हत्यारांची पेटी आली ती सायक्लोथॉनमधून उरलेल्या पैशातून. सोहळा बंद केला तर शिबिरही बंद पडेल, हे मी हिशेबाच्या वहीवरून सांगतो.

अॅम्ब्युलन्स, परवानगी, पाणी, केळी यांचा खर्च खरा आहे. केळी तेवढी रावेर-यावलकडून कुणीतरी प्रेमानं पाठवतं.

भुसावळची ताई

मला या चर्चेत एक गोष्ट सुटलेली दिसते. दर रविवारची फेरी सगळ्यांसाठी खुली आहे असं मेहरूणकर दादा गृहीत धरतात. मी अशाच एका ग्रुपच्या फेरीला गेले होते, गाव आणि ग्रुप सांगत नाही. निघताना सगळे गोड बोलले. पुलाच्या चढावर पुढचे दिसेनासे झाले. मागे मी आणि माझी जुनी लेडीज सायकल. एका ढाब्यापाशी दुचाकीवरची दोन पोरं बाजूला येऊन बोलायला लागली. मी वळले आणि घरी आले.

सायक्लोथॉनला मी सासूबाईंना घेऊन गेले होते. रस्ताभर माणसं, दर वळणावर कुणीतरी उभं, लहान पोरं, साडीतल्या बाया. सायकल चालवायला रस्त्यावर आपल्याला जागा आहे असं मला त्या सकाळी पहिल्यांदा वाटलं. ते तुम्ही काढून घेऊ नका. गर्दी म्हणजे दिखावा, हे पुरुषांनी सहज म्हणावं. आम्हाला गर्दीमुळे घराबाहेर पडता येतं.

मेहरूणकर (जळगाव)

ताई, तुमचं म्हणणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आमच्या फेरीला मी तीन गोष्टी बंधनकारक करायला सांगणार आहे. वेग सगळ्यात मागच्या माणसाचा. शेवटी कायम दोन अनुभवी सायकलवाले, त्यातली एक बाई. चौक आणि चढ आला की सगळे थांबणार. ज्याला जोरात पळायचं असेल त्यानं दुसऱ्या दिवशी पळावं.

पण सोहळ्याबद्दलचं माझं मत तरी बदलत नाही. ताई, त्या सकाळी तुम्हाला जे वाटलं ते पुढच्या रविवारी मिळायला हवं होतं. त्यासाठी पुन्हा वर्षभर थांबावं लागलं ना? खजिनदार साहेब, टी-शर्टऐवजी पंक्चरच्या पेटीवर प्रायोजकाचं नाव छापू. ती पेटी शाळेत वर्षभर समोर राहील. एकदा तसं मागून तर बघा.

लळिंगचा चढ (धुळे)

मागच्या माणसाच्या वेगानं दर आठवड्याला गेलात, तर तुमची ताकदीची पोरं ग्रुप सोडून जातील. मी हे होताना पाहिलंय. आणि त्यांनाच पुढे नवख्यांना शिकवायचं असतं. शहाद्याहून तोरणमाळचा घाट चढलेला पोरगा पंक्चर, ब्रेक, गिअर सगळं हातानं शिकून येतो. त्याला आठच्या आत घरी बोलावू नका.

हवामानाचाही विचार करा. आपल्याकडे बारमाही रविवार होत नाहीत. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, सकाळी आठलाच डांबर तापतं. मग पावसाळ्याच्या तोंडाशी तापीच्या खोऱ्यातून पश्चिमेचा वारा सुटतो. साक्रीकडे ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या. धुळ्याहून साक्रीच्या दिशेनं निघालं की सपाट रस्ताही घाटासारखा वाटतो. सायकलचे चांगले दिवस म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्या चार महिन्यांत लोकांसमोर काहीतरी मोठं ठेवलंच पाहिजे.

भुसावळची ताई

भाऊ, ताकदीची पोरं जातील या भीतीनं आजवर बायकाच गेल्या. त्यांची मोजदाद कुणी केली नाही.

खजिनदार (जळगाव)

पेटीवर नाव छापायची कल्पना मी दोन दुकानदारांना विचारून बघतो. हो म्हणाले तर शिबिर धरा. पण सायक्लोथॉनची तारीख मी मागे घेणार नाही, परवानगीचा अर्ज पुढे पाठवू. पंचवीस किलोमीटरच्या जोडीला दहाची एक कुटुंबफेरी वाढवू, आणि नोंदणीच्या टेबलाशेजारी पान्याचा एक टेबल. त्यावर मेहरूणकरांनी बसायचं.

अनेर काठ (चोपडा तालुका)

टेबलाचं तुमचं तुम्ही ठरवा. शिबिराला येणार असाल तर बाजाराच्या दिवशी येऊ नका, त्या दिवशी पोरी घरच्यांबरोबर बाजारात असतात. शनिवारी सकाळची शाळा असते, साडेअकराला पटांगण मोकळं होतं. ट्यूबा आणण्याआधी मला विचारा, टायरवरची मापं लिहून पाठवतो. मागे एका संस्थेनं सगळ्या मोठ्या सायकलींच्या ट्यूबा दिल्या, त्या अजून कपाटात पडून आहेत. सोल्युशन आणि व्हॉल्व्ह ट्यूब जास्त आणा. ब्रेकचे रबर तर हवेतच, अर्ध्या सायकलींना ते उरलेलेच नाहीत. आणि भुसावळच्या ताई, तुम्ही जरूर या. पान्याला हात लावणारी बाई आमच्या पोरींनी अजून पाहिलेली नाही.