१७ सप्टेंबर : आमचाही दिवस

तुम्ही दिलेल्या १७ सप्टेंबरच्या दिनविशेषांच्या यादीत १७८७ ची अमेरिकेची राज्यघटना आली, १९३९ ला सोव्हिएत फौजा पोलंडात शिरल्या तेही आलं. पण १९४८ कुठंच नाही. परभणीचा असल्यानं राहवलं नाही.

१९४८ च्या त्या दिवशी, भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्यावर, तिथल्या निजामानं रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली आणि मराठवाड्याचे पाचही जिल्हे मोकळे झाले. देशाला स्वातंत्र्य मिळून तेरा महिने उलटले होते! हैदराबाद मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तर तेव्हाही तुरुंगातच होते. आमच्याकडं या दिवशी आजही झेंडावंदन होतं.

मला जास्त विचारात पाडतं ते वेगळंच. त्याच दिवशी, त्याच साली, जेरुसलेममध्ये संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ फोल्के बर्नाडोट यांना गोळ्या घालून मारलं. आणि आदल्याच दिवशी पॅरिसात सुरक्षा परिषदेसमोर निजामाची भारताविरुद्धची तक्रार आली होती. म्हणजे हैदराबाद आणि पॅलेस्टाईन, दोन्ही प्रश्न त्या आठवड्यात एकाच संस्थेच्या दारात. आमचा चार-पाच दिवसांत सुटला. तिकडचा अजून धुमसतोय.

बरोबर तीस वर्षांनी, १७ सप्टेंबर १९७८ लाच, इजिप्त आणि इस्रायलनं वॉशिंग्टनला, व्हाइट हाउसमध्ये, कॅम्प डेव्हिड शांतता करारावर सह्या केल्या. यादीत हेही घ्या.