टग आणि बार्जमधे एवढं अंतर कशाला? दोर तर दिसतच नाही

बंड्या_किनारेवाला
परवा दिवेआगरला गेलेलो, लांबवर एक टग (दुसऱ्यांना ओढून नेणारी बोट) चाललेला आणि त्याच्या बराच मागे क्रेनवाला बार्ज (सपाट, तराफ्यासारखा), आधी वाटलं दोघं वेगवेगळे आहेत. मधे दोर काही दिसेना. जवळ बांधला तर कंट्रोल चांगला राहील ना, गाडी टो करताना आपण आखूडच बांधतो. २०११ ला जुहूला ते विझडम जहाज येऊन रुतलं तेपण टो सुटूनच ना?

डेकवाला
टगवर बरीच वर्षं काढलीत म्हणून सांगतो, गाडीचा हिशोब इथे चालत नाही, रस्ता हलत नाही. टग लाटेवर चढतो तेव्हा बार्ज दुसऱ्याच लाटेच्या पोटात असतो, वायर, म्हणजे ओढायचा पोलादी दोर, आखूड असली की दर लाटेला हिसका, आणि वायर बहुतेकदा हिसक्यानेच जाते. लांब सोडली की आपल्याच वजनाने झोळ पडून पाण्याखाली जाते, हिसका आला की आधी तो झोळ सरळ होतो, जोर त्यातच जिरतो. म्हणून तुम्हाला दिसली नाही. बार्जच्या तोंडाशी वायर नसते, दोन कोपऱ्यांतून दोन साखळ्या येऊन पुढे एकत्र होतात, ब्रायडल म्हणतो आम्ही, तिथे घासून घासून वायर टिकत नाही. बंदरात मात्र आखूडच करतो, उथळ पाण्यातपण, नाहीतर झोळ तळाला घासणार.

विझडम कोलंबोहून अलंगला भंगारात चाललेलं, दोर तुटला. तेपण जूनमधे! रिकामं जहाज पाण्याबाहेर उंच राहतं, वारा शिडासारखा धरतं.

हर्णैकर
आमच्या पोरांना एकच सांगणं, रात्री एकावर एक तीन पांढरे दिवे दिसले की टो २०० मीटरच्या वर आहे, दोन असले तर कमी. दिवसा लांब टो असेल तर पत्त्यातल्या चौकटसारखा काळा आकार लावतात. मधे मोकळं पाणी दिसलं म्हणून होडी घालायची नाही, खाली वायर असते, जाळं तर गेलंच समजा.

मिलिंद७४
तौक्ते वादळात २०२१ ला पी-३०५ बार्ज बुडाला तोपण असाच टो तुटून ना?

डेकवाला
नाही हो, तो टोवर नव्हता. बॉम्बे हायच्या तेलविहिरींजवळ नांगरावर होता, कामगारांना राहायचा बार्ज, स्वतःचं इंजिन नाही, वादळात नांगर सुटले. पण मुद्दा जवळचाच आहे, इंजिन नसलेली वस्तू हलवायची तर टग हवा आणि मोठा टो सायकलच्या वेगाने जातो, म्हणजे वादळ पोचायच्या कितीतरी आधी निघावं लागतं. आभाळ भरल्यावर निघून उपयोग नाही.

बंड्या_किनारेवाला
आणि भर समुद्रात तुटलाच तर? बार्जवर माणूस नसेल तर दोर परत बांधणार कोण?

डेकवाला
खवळलेल्या समुद्रात बार्जवर माणूस चढवणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून निघतानाच दुसरा दोर बार्जला बांधून कडेने हलका अडकवून ठेवतात, त्याचं टोक मागे पाण्यात बोयाला (तरंगत्या खुणेला) बांधून तरंगत सोडायचं. मुख्य वायर गेली की टग वळून मागे येतो, गळ टाकून तो बोया उचलतो. पुढच्या वेळी दुर्बीण न्या, बार्जच्या मागे भगवा ठिपका दिसला तर तोच.