मदत हवी आहे : एडीएचडीच्या गोळीने मुलाची भूक पार गेली आहे

नमस्कार. आम्ही कोथरूडला राहतो. माझ्या चौथीतल्या मुलाला एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) मिथाइलफेनिडेट ही गोळी सुरू आहे. फायदा खरंच दिसतो, वर्गात बसतो, वही पूर्ण करतो. पण डबा जसाच्या तसा परत येतो. पोळीचा एक तुकडा मोडलेला, बास. संध्याकाळी गोळीचा असर उतरला की चिडचिड, रडारड, आणि रात्री नऊनंतर एकदम कडकडून भूक. झोपही लांबते. वजन घटलंय, त्याचीच जास्त काळजी वाटते. डॉक्टर दर भेटीला वजन, उंची, बीपी बघतात आणि गोळी मनाने बंद करू नका म्हणतात, ते मला पटतं.

सासूबाई सांगतात तसं गोळीच्या आधी सकाळी तूप घालून थालीपीठ देऊन पाहतेय, ते बरं जातंय.

ज्यांची मुलं हे औषध घेतात त्यांनी सांगा, संध्याकाळची चिडचिड कशी सांभाळता? डोस किंवा वेळ बदलून कुणाला फरक पडला का? आणि हे शेड्यूल एक्समधलं (विक्रीवर कडक नियंत्रण असलेल्या यादीतलं) औषध, डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात. कोथरूड-कर्वेनगर भागात नियमित कुठे मिळतं?