मदत हवी आहे: या वह्या सीएसआरमध्ये (कंपनीने समाजासाठी करायच्या खर्चात) बसतात का?

नमस्कार मंडळी. महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. गेल्या वर्षी नफा 5 कोटींवर गेला आणि कंपनी कायद्याचं सीएसआरचं कलम 135 लागू झालं. म्हणजे तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च आलाच. साहेबांनी दोन हजार वह्या छापून घेतल्या. मुखपृष्ठावर पानभर आमच्याच मालाची जाहिरात, आणि निम्म्या वह्या आमच्याच कामगारांच्या मुलांना! उरलेल्या दिघ्याच्या शाळेला. कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च धरत नाहीत, जाहिरातीसाठीची स्पॉन्सरशिपही नाही, एवढं मला ठाऊक आहे. साहेब म्हणतात, "वही ती वही, पोरं लिहितात ना?" शाळेच्या वह्या तरी धरता येतील का? व्हाउचर माझ्या टेबलावर पडलंय, सही माझीच लागणार. कुणी सीए किंवा सीएस (कंपनी सेक्रेटरी) असेल तर सांगा. आणि नोकरी सांभाळून साहेबांना कसं समजवायचं, तेही.