राजाचे नाव नसलेली इंग्लंडची चांदीची नाणी

प्रश्न (मंगरूळपीर तालुक्यातील एक शिक्षक): आमच्या तालुक्यातील तऱ्हाळा गावी १९३९ साली सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला होता. त्या नाण्यांवर हत्ती आहे आणि राजाचे नावही. अलीकडे अँग्लो-सॅक्सन काळातील (म्हणजे इंग्लंडच्या मध्ययुगाच्या आरंभीच्या) चांदीच्या नाण्यांची छायाचित्रे पाहिली, तर त्यांवर पक्षी, साप, वळलेले श्वापद असे सारे काही आहे, पण राजा बहुधा नाहीच. असे का असावे?

उत्तर १: गुरुजी, तुलना सातवाहनांशी न करता आपल्याकडील आहत नाण्यांशी (चिन्हांचे ठसे उमटवलेल्या प्राचीन नाण्यांशी) करून पाहावी, कारण त्यांवरही सूर्य, टेकडी, झाड अशी चिन्हेच असत. इंग्लंडमध्ये सोन्याच्या नाण्यांतील कस घटत गेला आणि इ.स. ६७५ च्या सुमारास त्यांची जागा चांदीच्या लहान नाण्यांनी घेतली. अभ्यासक त्यांना ‘शॅट’ म्हणतात. वजन साधारण १.२ ग्रॅम, म्हणजे सोनाराच्या भाषेत दहा गुंजा, आणि आकार शर्टाच्या बटणाएवढा. एवढ्याशा जागेत ठसा कोरणाऱ्याने जे साधले आहे, त्यापुढे पुढच्या काळातील कित्येक राजमुद्रा मला निरस वाटतात.

एका प्रकारात पुढील बाजूस जुळ्या बालकांना दूध पाजणारी लांडगीण आहे. हे चित्र रोमन नाण्यावरून उचललेले आहे. मागील बाजूस मात्र वेलीतील पक्षी आहे, आणि द्राक्षवेल हे ख्रिस्ती धर्माचे जुने प्रतीक असल्यामुळे रोमचा वारसा आणि नवा धर्म एकाच नाण्याच्या दोन अंगांवर येऊन बसले आहेत.

उत्तर २: आहत नाण्यांशी तुलना जपून करावी. त्यांवर प्रत्येक चिन्ह वेगळ्या ठशाने उमटवीत. शॅट मात्र दोन ठशांमध्ये ठेवून घावाने पाडले जाई. शिवाय नाव अजिबात नसे असेही नाही. उत्तर इंग्लंडमधील नॉर्थम्ब्रिया या राज्याचा राजा आल्डफ्रिथ (६८५ पासून राज्य) याच्या नाण्यावर एका बाजूस त्याचे नाव आणि दुसऱ्या बाजूस चतुष्पाद प्राणी आहे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मग नाव नसलेले नाणे कोठले, हे कसे ठरवतात?

उत्तर १: मुख्यतः सापडण्याच्या ठिकाणांवरून. एक प्रकार साउदॅम्प्टनजवळच्या हॅमविक या जुन्या व्यापारी वस्तीत इतका सापडतो की तो तेथलाच मानला जातो. याउलट साळिंदरासारखी आकृती असलेला प्रकार इंग्लंडमध्ये विपुल मिळत असला तरी तो मुख्यतः समुद्रापलीकडील फ्रिसियाचा, म्हणजे आजच्या नेदरलँड्सच्या किनारी भागाचा. व्यापाऱ्यांबरोबर नाणी फिरत, म्हणून एकट्यादुकट्या नाण्यावरून गाव ठरवू नये.