नायने हॅमला धुतलं? मग तारू कुणी बांधलं?

शंकासुर: कालच्या धाग्यात एका महाशयांनी लिहिलंय, "बिल नायने केन हॅमला धू धू धुतलं, असे जाहीर वाद दर महिन्याला व्हावेत." वाचल्यापासून डोकं फिरलंय. नाय म्हणजे टीव्हीवर विज्ञान शिकवणारा, उत्क्रांतीच्या बाजूचा; हॅम म्हणजे बायबल शब्दशः मानून देवाने सहा दिवसांत, सहा हजार वर्षांपूर्वी सृष्टी घडवली म्हणणारा. 4 फेब्रुवारी 2014 ला तो वाद झाला कुठे? केंटकीत, हॅमच्याच क्रिएशन म्युझियममध्ये. त्याचा बायबलमधल्या नोहाच्या तारवाची प्रतिकृती बांधायचा प्रकल्प तेव्हा पैशापायी अडला होता. महिन्याच्या आत त्याने जाहीर केलं, की पैशाची सोय झाली आणि त्याला वादाचाही हातभार लागला. 2016 मध्ये तारू उघडलं, तिकीट लावून! धुतलं कुणी कुणाला? उत्क्रांतीचा अभ्यासक स्टीफन जे गूल्ड असल्या मंचावर जायला नकार द्यायचा, तो उगाच नाही.

खडूस_मावशी: मग काय, मैदान सोडून द्यायचं? "तुमचं मत कशाने बदलेल?" या प्रश्नावर नाय म्हणाला, पुराव्याने. हॅमचा सूर असा की कशानेच नाही. हे अख्ख्या जगाने पाहिलं. आणि माझंच सांगते. सोळाव्या वर्षापर्यंत मी सहा दिवसांची सृष्टी शब्दशः मानायचे. असाच एक वाद ऐकायला गेले. आमचा वक्ता जिंकला, पण एका प्रश्नाला त्याने असं उत्तर दिलं, की टाळी वाजवताना माझा हात अडखळला.

शंकासुर: वा! एका मावशीसाठी अख्खं तारू. स्वस्तात पडलं म्हणायचं. हॅमच्याच मताचा वक्ता ड्वेन गिश आठवतो का? साधा माणूस नव्हे, जीवरसायनात बर्कलीची डॉक्टरेट. एका दमात इतके आक्षेप फेकायचा, की समोरच्याची वेळ दोन निस्तरण्यातच संपायची. उत्क्रांतीच्या बाजूने लढणाऱ्या युजिनी स्कॉट बाईंनी त्या प्रकाराला 'गिश गॅलप' नावच देऊन टाकलं.

बोरूबहाद्दर: मूळ दुखणं 'उत्क्रांतिवाद' या शब्दातच आहे. गुरुत्वाकर्षणवाद म्हणतो का आपण? 'वाद' म्हटलं की प्रतिवादी आलाच. वीस वर्षं मुद्रितं तपासतोय. मी खोडतो, लेखक परत घालतात.

खडूस_मावशी: आले शुद्धलेखनवाले! सापेक्षतावाद चालतो ना?

बोरूबहाद्दर: सापेक्षतावादाविरुद्ध कुणी तारू बांधत नाही, म्हणून चालतो. उत्क्रांती-सिद्धांत म्हणा.

निर्मितीनिष्ठ: सिद्धांत! म्हणजे सिद्ध होण्याआधीच 'सिद्ध' चिकटवून मोकळे. 1912 ते 1953 पिल्टडाउन माणूस (बनावट कवटी!) मानवाचा पूर्वज म्हणून खपवलात, तोही सिद्धच होता वाटतं? शाळेत शंका विचारली म्हणून मला तासभर वर्गाबाहेर उभं केलं होतं. तुमची विज्ञाननिष्ठा तेव्हाच कळली.

बोरूबहाद्दर: 'सिद्धांत'ची फोड सिद्ध अधिक अंत. चिकटवलेलं काही नाही.

शंकासुर: फोड राहू दे हो! पिल्टडाउन खपला, मान्य. चव्हाट्यावर कुणी आणला? शास्त्रज्ञांनीच. आणि वर्गाबाहेर काढणारा मास्तर गाढव होता, हेही मान्य. त्याने पृथ्वीचं वय बदलत नाही. मावशी, तुमचा तो प्रश्न कुठला होता?

खडूस_मावशी: देवयानी दीर्घिकेचा प्रकाश यायला 25 लाख वर्षं लागतात. विश्व सहा हजार वर्षांचं असेल, तर ती दिसते कशी?

निर्मितीनिष्ठ: हात्तिच्या! निर्माणकर्त्याने प्रकाश वाटेतच निर्माण केला असेल.

खडूस_मावशी: हो. तोही हेच म्हणाला होता.