ज्वारीच्या पेजेत बुरशीचं एन्झाइम टाकलं, तरी आयोडीन निळंच

गोदाकाठच्या बाई:
नमस्कार. गंगाखेडकडे झेडपीच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. काढणीच्या वेळी पाऊस लागला आणि अण्णांची खरिपाची ज्वारी काळी पडली. भाकरीला कुणी घेईना. तेव्हापासून डोक्यात आहे की यातल्या स्टार्चचं काही करता येतं का, ते लेकरांना दाखवावं. संभाजीनगरहून प्रयोगशाळेचं ग्लुकोअमायलेज, म्हणजे स्टार्चची साखर करणारं एन्झाइम आणलं, काळ्या बुरशीपासून, म्हणजे अस्परजिलस नायजरपासून काढलेलं.

100 ग्रॅम पीठ, अर्धा लिटर बोअरचं पाणी, पेज शिजवली आणि उकळतीतच चमचाभर पावडर टाकली. वीस मिनिटांनी गरम पेजेत आयोडीन टाकलं, निळं झालं नाही! पोरं नाचायलीत, स्टार्च संपला म्हणून. तास संपताना तीच वाटी बघितली तर निळीशार. चाखून बघितलं, गोडी नाही. काय चुकायलंय?

एन्झाइमवाला, परभणी:
बाई, आधी एक, प्रयोगशाळेची पावडर खाण्याच्या दर्जाची नसते. चाखू नका, लेकरांनाही देऊ नका.

उकळतीत टाकलंत तिथेच काम संपलं. एन्झाइम म्हणजे प्रथिन, उकळतीत अंड्यासारखं तेही गोठतं. पीठ मात्र आधी नीट शिजायलाच हवं. कच्च्या स्टार्चचे कण घट्ट असतात, एन्झाइमला आत शिरायला जागा मिळत नाही. म्हणून शिजवा, मग 60 अंशांपर्यंत निववा, मगच पावडर. पुढे 55 ते 60 अंशांत ठेवा, थर्मास चालेल. बोअरचं पाणी जड, त्याचा सामू (pH) चढा असतो आणि या एन्झाइमला आंबटपणा लागतो. लिंबू पिळून पट्टीवर 4.5 च्या आसपास आणा.

आता आयोडीन. तो निळा रंग स्टार्चच्या मळसूत्री साखळीत आयोडीन अडकल्यामुळे येतो. गरम असताना तो सुटतो, गार झाला की परत अडकतो. पोरं फसली ती तिथे. नमुना गार करूनच तपासा. आणि हे एन्झाइम साखळीच्या टोकाकडून एकेक ग्लुकोज तोडत येतं, त्यामुळे साखर तयार होत असतानाही बराच वेळ निळं दिसतं. लाळेतलं अमायलेज मधेच कुठेही कापतं, म्हणून तिथे रंग लवकर जातो. कारखान्यात दोन्ही वापरतात: आधी मधून कापणारं, मग टोकाचं. तुम्ही साखर ओळखायला बेनेडिक्टचं द्रावण लावा, आणि शेजारी बिनएन्झाइमची पेजही ठेवा. पिठात मुळातच थोडी साखर असते, फरक कळायला हवा.

कांदा-ज्वारी, कन्नड:
आमच्या चाळीतल्या कांद्याच्या सालीखाली काळी पूड असते, तीच ही बुरशी का? मग विकत कशाला घ्यायची, काळ्या ज्वारीवरचीच का नको?

एन्झाइमवाला, परभणी:
कांद्यावरची बहुतेक वेळा तीच. पण बुरशीची वेगळी वाणं निवडून, बंद टाकीत वाढवून एन्झाइम गाळून घेतात. काळ्या ज्वारीवर फ्युझेरियम, कर्व्ह्युलेरिया अशा बऱ्याच बुरशी वाढतात, काही विषही सोडतात. वर्गात ती मुद्दाम वाढवू नका, दाणे हाताळताना तोंडाला रुमाल बांधा.

गोदाकाठच्या बाई:
शनिवारी परत केलं. लिंबू पिळून, थर्मासात, सकाळी आठ ते दुपारी बारा. पळी बुडवली तर घट्ट पेज पाण्यासारखी सुटली, हे मला सगळ्यात आवडलं. बेनेडिक्टला विटकरी लाल, शेजारची साधी पेज हिरवटच राहिली. आयोडीन गार नमुन्यात अजून जांभळट आहे, म्हणजे काम अर्धवट आहे.

हिशेबही केला: प्रत्येक जोड तुटताना पाण्याचा एक रेणू आत जातो, म्हणून 100 ग्रॅम स्टार्चपासून 111 ग्रॅम ग्लुकोज. वजन वाढतं हे पोरांना पटेना, फळ्यावर साखळीतल्या ग्लुकोजच्या एका कडीचं रेणुभार 162 आणि सुट्या ग्लुकोजचं 180 मांडून दाखवलं.

एका पोरीनं विचारलं, "बाई, म्हणजे आपण ज्वारीचा परत हुरडा केला का?" मी थांबलेच. हुरड्याच्या गूळभेंडी ज्वारीचा दाणा कोवळा असताना साखरेनं गोड असतो, पक्व होताना त्या साखरेचा स्टार्च होतो. आपण उलटं चाललो, पण हुरड्यात ग्लुकोजबरोबर सुक्रोजही असतं, ते इथे येणार नाही, असं सांगितलं तिला.

पुढच्या शनिवारी अण्णांची काळी आणि रब्बीची मालदांडी शेजारी ठेवून करायची आहे. बेनेडिक्ट संपत आलंय, तेवढं आणायला परभणीला जाईन.